हिवाळ्यातली उन्हाळी

आमच्याकडे लघवीला जळजळ व्हायला लागली की ‘उन्हाळी लागली’ म्हणतात. शब्द मोठा सोयीचा आहे. तो उच्चारला की पुढे कोणी काही विचारत नाही. ऊन लागलं असेल, अंगात उष्णता झाली असेल, थंड काहीतरी प्या आणि पडून राहा, झालं. दुखणं कुठलं, कसलं, हे कोणाला सांगावं लागत नाही. मी या एका शब्दाच्या आडोशाला सहा वर्षं काढली. म्हणून दुखणं कसलं ते पहिल्याच परिच्छेदात सांगून टाकते, कारण सांगायला लाजले म्हणूनच पुढचं सगळं रामायण घडलं. मला पुन्हा पुन्हा लघवीच्या मार्गाचा दाह व्हायचा. त्यात जंतू होते. ते वर चढत मूत्रपिंडापर्यंत गेले आणि मी मरता मरता वाचले.

वाचले याचा आनंद सांगायला बसले की दर वेळी मधेच थांबते. त्याचं कारण माझ्या सासूबाई. ते पुढे येईलच.

कोरडं बसणं

आणीबाणी उठली त्या वर्षी माझं लग्न झालं. माहेर रोहण्याचं, कापसाचं शेत. सासर बोरगाव मेघेला, भाजीपाल्याचा मळा. सासरे लग्नाआधीच गेलेले. घरात आम्ही तिघं, मी, हे आणि आत्याबाई. सासूला आमच्याकडे आत्याबाई म्हणतात. हे मळा पाहायचे, आत्याबाई वर्ध्याच्या बाजारात भाजी विकायला बसायच्या. लग्नानंतर महिनाभरातच त्यांनी मला सोबत न्यायला सुरुवात केली, कारण त्यांचे गुडघे बोलायला लागले होते.

पहिल्याच दिवशी निघताना मी तांब्याभर पाणी प्यायला घेतलं, तर त्यांनी हात धरला.

“बाजारात बसाचं त बाईनं कोरडं बसा लागते,” त्या म्हणाल्या. “पानी पेलं का जा लागते. जाशीन कोठी?”

प्रश्न बरोबर होता. रोहण्याला कापसाच्या पऱ्हाटीचा आडोसा असायचा. बाजारात चारी बाजूंनी माणसं. पुरुष कुठल्याही भिंतीकडे तोंड करून मोकळे व्हायचे, आणि आम्ही बाया मान खाली घालून वांगी रचायचो. पहाटे घरून निघण्याआधी जायचं ते दिवेलागणीला घरी परतल्यावर. मधे घोटभर चहा आला तर आत्याबाई अर्धा मला द्यायच्या आणि अर्धा स्वतः घ्यायच्या, तोही घसा ओला होण्यापुरता. बाजारातल्या साऱ्याच बाया असंच करायच्या. एखाद्या उपासाइतक्या निष्ठेनं आम्ही हे कोरडं बसणं पाळायचो.

पाण्याची बादली मात्र आमच्याजवळ भरलेली असायची. मेथी, पालक, सांबार कोमेजू नये म्हणून दिवसभर त्यावर पाणी शिंपडत राहायचं. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. त्या जुड्या टवटवीत असायच्या आणि आमच्या ओठांना साली सुटलेल्या असायच्या. यात काही वावगं आहे असं मला एकदाही वाटलं नाही. उलट लवकर सवय झाली म्हणून आत्याबाईंनी शेजारणीजवळ माझं कौतुक केलं तेव्हा मी फुलून गेले होते.

पहिली खेप

पुढच्या उन्हाळ्यात पहिल्यांदा झालं. बाजारातून येऊन न्हाणीत गेले आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. चार थेंब, आणि त्या चार थेंबांत विस्तव. बाहेर आले तर पुन्हा जावंसं वाटे. पुन्हा तेच. आत्याबाईंनी माझं तोंड पाहून ओळखलं.

“उन्हाळी लागली व तुले. जयते का?”

जळतं का, असं त्या विचारत होत्या. आमच्याकडे जळण्याला जयणं म्हणतात. मी मान हलवली. त्यांनी पळसाची वाळवलेली फुलं काढली, पाण्यात घातली, ते पाणी गाळून प्यायला दिलं. बेंबीखाली ओल्या फडक्याची घडी ठेवली. धन्याजिऱ्याचं पाणी, सब्जा, एकामागून एक पेले. दोन दिवस बाजारात नेलं नाही. मला बरं वाटलं. आज कळतं की फुलांपेक्षा त्या दोन दिवसांतल्या पाण्यानं आणि मोकळं जाता आल्यानं बरं वाटलं असावं. पण तेव्हा आमचा उष्णतेवर पूर्ण विश्वास बसला.

दुसऱ्यांदा झालं ते ऐन थंडीत. मळ्यात फुलकोबी धरली होती, वांग्यांना बहर होता, बाजार तेजीत. आणि मला तोच विस्तव. मी आत्याबाईंना सांगितलं, तर त्या माझ्याकडे जरा बघत राहिल्या.

“हिवाळ्यात उन्हाळी लागते का कोनाले? लोकं हासतीन.”

त्या रागानं बोलल्या नव्हत्या. त्यांना खरोखरच पटत नव्हतं, निदान मला तसं वाटलं. पण माझ्या मनात ते असं उतरलं की मी कामाच्या दिवसांत दुखणं काढतेय. दुसऱ्या दिवशी मी निमूट बाजारात गेले. त्यानंतर थंडीत झालं की मी बोलायचीच नाही. उन्हाळ्यात झालं तर सांगायचं, हिवाळ्यात झालं तर गिळायचं. दुखण्यालासुद्धा हंगाम लावून घेतला होता मी.

यांना काय वाटलं

हे लिहावं की नाही यावर मी बराच विचार केला. पण बायांनी हे वाचावं असं वाटत असेल तर लिहायलाच हवं.

नवऱ्याजवळ गेलं की एक-दोन दिवसांत मला ती जळजळ हमखास सुरू व्हायची. मला त्यातलं काही कळत नव्हतं. कळलं ते एवढंच की भीती वाटते. मग मी लवकर झोपेचं सोंग घेऊ लागले. मुलगी झाल्यावर तर तिच्या रडण्याचं निमित्तच मिळालं. हे स्वभावानं मुखदुर्बळ. कधी शब्दानं बोलले नाहीत, पण मळ्यातून उशिरा यायला लागले आणि आल्यावर बाहेरच खाट टाकायला लागले. मला ते दिसत होतं. आपण एका चांगल्या माणसाला विनाकारण शिक्षा देतोय असं वाटायचं, आणि तरी तोंड उघडत नव्हतं. याला म्हणतात तोंड दाबून बुक्क्यांचा मार, फक्त तोंडही माझं आणि बुक्क्याही माझ्याच.

एकदा धीर करून दवाखान्यात गेले होते. गावातला लहान दवाखाना, डॉक्टर पुरुष. त्यांच्या हाताखालचा कंपाउंडर रोहण्याचा निघाला, माझ्या भावाचा वर्गमित्र. “काऊन व ताई, काय झालं?” असं त्यानं इतक्या मायेनं विचारलं की माझं अवसानच गळालं. अवघड जागेचं दुखणं आणि जावई वैद्य म्हणतात, इथं जावयाऐवजी भाऊ. मी म्हणाले, पोटात दुखतं. डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं. मी ते इमानेइतबारे घेतलं.

मग एका ओळखीच्या बाईनं तिला कधीतरी याच त्रासावर दिलेल्या गोळ्यांचं नाव सांगितलं. त्या मी यांच्याकडून डोकेदुखीच्या म्हणून मागवून घेतल्या. दोन खाल्ल्या की बरं वाटायचं, मग उरलेल्या मी फडक्यात बांधून पुढच्या खेपेसाठी ठेवायची. काटकसर अंगवळणी पडलेली. पुढची खेप यायचीच.

बाजारात हुडहुडी

ज्या दिवशी आडवी झाले त्या दिवशी अंग सकाळपासून मोडून आलं होतं. आत्याबाई तेव्हा बाजारात यायच्या बंद झाल्या होत्या, गुडघ्यांमुळे. मी एकटीच बसायची. दुपारी चांगलं ऊन असताना मला हुडहुडी भरली. दात वाजू लागले. कमरेच्या वर, पाठीच्या उजव्या बाजूला कोणी पहार घालून उचकटतंय असं दुखत होतं. शेजारच्या कांदेवालीनं दोन पोती अंगावर टाकली. हिवताप आहे म्हणून सगळे बोलत होते. मला उलटी झाली ती नेमकी पालकाच्या जुड्यांवर, आणि शुद्ध हरपायच्या आधी माझ्या मनात आलं, आता ही भाजी फुकट गेली, आत्याबाई काय म्हणतील.

यांनी मला रिक्षात घालून मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं नशिबानं डॉक्टरीणबाई होत्या. तरुण, चष्मा लावलेल्या, बोलणं तोडून टाकल्यासारखं. त्यांनी पाठीवर जिथं दुखत होतं तिथं हलकेच मूठ आपटली आणि मी किंचाळले. त्यांनी यांना बाहेर पाठवलं.

“लघवीला जळजळ होते?”

मी पदर तोंडावर ओढला.

“पूर्वी झाली होती? किती वेळा?”

“उन्हाळी लागते,” मी म्हणाले.

“मार्गशीर्ष चालू आहे, बाई. उन्हाळी नाही ही.” मग त्या खुर्ची ओढून माझ्या अगदी जवळ बसल्या. “भाजी विकता ना? दिवसभर बसता. मग लघवीला कुठं जाता?”

हा प्रश्न मला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी विचारला होता. तापात होते म्हणून असेल, मी ओक्साबोक्शी रडले. मग सगळं सांगितलं. कोरडं बसणं, फडक्यातल्या गोळ्या, यांच्याजवळ जायची भीतीसुद्धा, बाहेरची खाटसुद्धा.

वॉर्ड

लघवी तपासायला काचेची बाटली दिली. ती भरून पदराखाली लपवून आणताना मला चोरी करून आल्यासारखं वाटलं. तपासणीत पू निघाला, जंतू निघाले. आत्याबाई भेटायला आल्या तेव्हा मी हे सांगितलं. त्यांनी ऐकलं ते ‘जंत’.

“जंताचं औषद त घेतलं होतं ना तू?”

डॉक्टरीणबाई फेरीवर होत्या. त्यांना हसू आलं. जंत वेगळे, जंतू वेगळे, हे त्यांनी समजावलं. हे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून लघवीतले थेंब एका बशीत पसरून उबेला ठेवायचे, जंतू वाढू द्यायचे आणि मग कोणत्या औषधानं ते मरतात ते पाहायचं.

“म्हंजे वाफ्यात रोप टाकल्यासारखं,” आत्याबाई म्हणाल्या.

“तसंच. आणि हिनं काय केलं, दोन-दोन गोळ्या खाऊन वरवर निंदण केलं. मुळं आतच.”

“हराळी,” आत्याबाई म्हणाल्या आणि माझ्याकडे असं पाहिलं की बस. हराळीचं तण वरून काढलं तरी मुळापासून पुन्हा फुटतं; मळ्याची भाषा त्यांना एका फटक्यात कळली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वॉर्डातला दिवस सुईनं सुरू व्हायचा आणि सुईनं संपायचा. हाताला सलाइन. दर वेळी लघवी भांड्यात धरून मोजायची. सिस्टर लांबूनच विचारायची, “बोरगाववाली, किती झाली?” आणि साऱ्या वॉर्डासमोर मी आकडा सांगायचा. पहिल्या दिवशी मी पांघरुणात तोंड लपवलं. दोन-तीन दिवसांनी मीच आपणहून ओरडून सांगायला लागले. पलीकडच्या खाटेवरची म्हातारी म्हणायची, “आज चांगली झाली व तुही.” लाजेचं असं आहे, चारचौघींत वाटली की तिचं वजन राहत नाही.

त्या वॉर्डातली सगळ्यात मोठी चैन सांगू का? संडासाच्या दाराला आतून कडी होती. वाटलं की उठायचं, जायचं, कडी लावायची. दिवसा. कितीही वेळा. सलाइन निघाल्यावर कधीकधी मी गरज नसताना उगाच जाऊन यायची. आणि परत खाटेवर आले की खजील व्हायची, कारण त्या वेळी माझ्या जागी बाजारात आत्याबाई बसलेल्या असायच्या.

हो, त्याच. गुडघे धरून उठणारी ती बाई माझ्यासाठी पुन्हा टोपलं घेऊन बाजारात जायला लागली होती. मळ्यातली भाजी थांबत नाही, यांना विकायचं जमत नाही, आणि नातीला शेजारच्या घरी ठेवून त्या जायच्या. संध्याकाळी बाजारातून तशाच डबा घेऊन माझ्याकडे यायच्या. डॉक्टरीणबाईंनी मला भरपूर पाणी प्यायला सांगितलं होतं, म्हणून येताना मडक्यातलं थंड पाणी आणायच्या. मी पेल्यामागून पेला रिचवायची आणि त्या समोर बसून पाहायच्या. त्यांचे ओठ पांढरे पडलेले असायचे.

“तुमी बी घ्या ना, आत्याबाई.”

“मी घरी गेल्यावर पेईन. तू पे.”

मी प्यायची. हे मला आजही टोचतं.

घरी सोडायच्या आदल्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी यांना बोलावून घेतलं आणि आम्हा दोघांना समोर बसवून स्पष्ट सांगितलं. जवळ आल्यानंतर बायकोनं उठून लघवीला जायचं, पाणी प्यायचं. यात कोणाचा दोष नाही, नवऱ्याचा नाही, बायकोचा नाही. यांनी सगळं जमिनीकडे पाहत ऐकलं. बाहेर आल्यावर पिंपळाच्या पारावर आम्ही बसलो.

“मले सांगतलं असतं त,” हे म्हणाले.

“काय सांगणार होते मी?”

त्यांनी पारावरचं एक पान उचलून बोटांत फिरवलं. मग म्हणाले, “मले वाटे, मी तुले पटलो नाई.”

सहा वर्षं तो माणूस हे मनात घेऊन वाफ्यांना पाणी देत होता. मी त्यांचा हात धरला, भर रस्त्यावर, दिवसा.

सून घरात, सासू बाजारात

घरी आल्यावर रोज रात्री एक गोळी, बरेच महिने घ्यायची होती. पाणी प्यायचं, लघवी अडवायची नाही. आत्याबाईंनी हुकूमच काढला, “तू बाजारात नाई जायचं. घरी राह्य, पानी पे.” मी खूप म्हटलं, त्या ऐकेनात. शेजारपाजारचे बोलायला लागले, सून घरात आणि सासू बाजारात. ते खरंच होतं, त्यामुळे मला रागही येत नव्हता. मी स्वयंपाक करायची, मुलीला खेळवायची, तांब्याजवळून जाताना घोट घ्यायची, आणि प्रत्येक घोटाबरोबर वाटायचं की हे आपण दुसऱ्या कोणाच्या तोंडचं पितोय.

पौष संपत आला असताना एका दुपारी मला राहवलं नाही. मुलीला यांच्याजवळ मळ्यात सोडलं आणि बाजारात गेले. लांबूनच आत्याबाई दिसल्या. पोत्यावर बसलेल्या, उजवी टाच अंगाखाली घट्ट दाबून. एका हातानं सांबारावर पाणी शिंपडत होत्या. गिऱ्हाईक आलं तरी टाच हलू देत नव्हत्या. नुसत्या कमरेतून वाकत होत्या.

ती बैठक मला माहीत होती. जळजळ असह्य झाली की मी अगदी अशीच टाचेवर दाबून बसायची, कोणाला कळू नये म्हणून. आत्याबाईंना असं बसलेलं मी लग्न झाल्यापासून पाहत आले होते आणि गुडघ्यांमुळे बसत असतील असं समजत होते.

मी शेजारी जाऊन बसले. हळूच विचारलं, “आत्याबाई, उन्हाळी लागली का?”

त्यांनी आधी आजूबाजूला पाहिलं. मग माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, “थे त हमेशाच हाये.”

“कवापासून?”

“लग्न झालं तवापासून. मधी मधी जाते, मंग येते. बाईले असंच राह्यते.”

हिवाळ्यात उन्हाळी लागत नाही असं त्या मला म्हणाल्या होत्या ना? स्वतःला लागत असताना म्हणाल्या होत्या. त्यांना कोणीतरी तसंच सांगितलं असणार आणि त्यांनी ते मान्य करून टाकलं असणार. आणि माझ्या आजारपणात त्या माझ्याच जागेवर कोरड्या बसत होत्या.

तपासणीला सोबत

त्या दवाखान्यात यायला तयार होईनात. “या वयात त्या पोरीले काय दाखवू?” एवढंच म्हणायच्या. मग मी माझ्याच फेरतपासणीचं निमित्त केलं. एकटीला चक्कर येते, सोबत चला, म्हटलं.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कसं आहे आता? मला खरं तर काहीच त्रास नव्हता. पण मी सुरू केलं. म्हटलं, अजून जळजळ होते.

“कधी? सुरुवातीला की शेवटी?”

“सुरुवातीला,” मी अंदाजानं बोलले.

“नाई,” आत्याबाई मागून म्हणाल्या. “आखरीले जयते.”

डॉक्टरीणबाईंनी वर पाहिलं. मी पुढे म्हटलं, दिवसातून चार-पाच वेळा जावं लागतं.

“चार-पाच काय! धा-धा वेळा जावसं वाटते, अन् थेंब थेंब येते. पोट रिकामं झालं असं वाटतच नाई. मंग थंडी वाजते—” आणि त्या थांबल्या. त्यांच्या ध्यानात आलं. भिंतीकडे तोंड करून त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

डॉक्टरीणबाईंनी मला काही विचारलं नाही. उठून त्यांनी आत्याबाईंच्या खांद्यावर हात ठेवला आणि आत तपासायला नेलं.

पुढे तपासण्या झाल्या, शिरेतून औषध सोडून फोटो काढले. एक मूत्रपिंड आक्रसून लहान झालं होतं, दुसरं काम करत होतं. “इतकी वर्षं घरात कोणाच्या लक्षात नाही आलं?” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी ते कोणाला उद्देशून म्हटलं नव्हतं. पण खोलीत मीच होते.

आत्याबाईंना चिंता एकच. बाहेर आल्यावर त्यांनी मला विचारलं, “याले गोया असतात व?” याला गोळ्या असतात, औषध असतं, हेच त्यांना माहीत नव्हतं. रोज संध्याकाळी माझ्या उशाशी बसून त्यांनी माझी सलाइन, माझ्या सुया, माझ्या गोळ्या पाहिल्या होत्या. पण माझं ते दुखणं आणि त्यांचं ते बाईपण, अशी त्यांच्या मनात वाटणी होती.

मी म्हटलं, “आत्याबाई, माह्यामुळं तुमी बाजारात बसल्या, माह्यामुळं वाढलं हे.”

“तुह्यामुयं कायले? तू पडली म्हनून त समजलं, का हा आजार हाये.”

त्यांनी मला सोडून दिलं. माझं मन अजून सोडत नाही.

एक प्रश्न

औषधं सुरू झाली, पण डॉक्टरीणबाईंची अट होती, लघवी अडवायची नाही. पाणी प्या हे सांगणं सोपं आहे. बाजारात जागा कोणी दाखवायची? आजही तिथं बायांसाठी काही सोय झालेली नाही, आणि जो कोणी त्याबद्दल बोलेल त्याला लोक हसतात.

आमच्या बसायच्या जागेच्या मागे एक घर होतं. तिथल्या मास्तरीणबाई आमच्याकडूनच सांबार घ्यायच्या, वर्षानुवर्षं. त्या दिवशी त्या आल्या तेव्हा मी जुडी त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, “बाई, आम्हाला दिवसा तुमच्याकडे लघवीला येऊ द्याल का?”

त्यांनी जुडी पिशवीत टाकली. “अगं, या ना. मागचं दार उघडंच असतं. आधी का नाही विचारलंत?”

हाच प्रश्न मी अजून स्वतःला विचारते. म्हणून तुम्हाला सांगते, हे वाचणाऱ्या बायांनो, औषध अर्ध्यात सोडू नका, दुखण्याला ऋतूचं नाव देऊन झाकू नका, आणि ज्या दाराशी विचारायला लाज वाटते तिथं एकदा विचारून पाहा. आणि आपलं बरं झालं की घरातल्या दुसऱ्या बाईला विचारा. मुलीला विचारा, सासूला विचारा. ती आपणहून सांगणार नाही.

आम्ही दोघी आता सोबतच बाजारात बसायला लागलो. आत्याबाई पाणी प्यायला कचरायच्या, मी पेला हातात देऊन उभी राहायची. मास्तरीणबाईंकडे जायला तर त्या किती दिवस तयारच नव्हत्या. परक्याच्या घरी कसं जायचं, भर दिवसा, लोकांच्या डोळ्यांसमोरून. एका दुपारी त्या अचानक उठल्या, पदर डोक्यावर घेतला आणि त्या घराच्या मागच्या दारानं आत गेल्या. मी गिऱ्हाइकांत गुंतले होते. त्या परत आल्या त्या हळूहळू, गुडघ्यावर हात ठेवून, आणि माझ्या अगदी कानाशी आल्या.

“जयलं नाई व,” त्या म्हणाल्या.

साठी ओलांडलेल्या त्या बाईच्या चेहऱ्यावर नवल होतं. जळल्याशिवायही होतं, हे तिला त्या दिवशी कळलं होतं. मला हसायला हवं होतं. माझ्या हातात तराजू होता, समोर माणसं उभी होती, आणि माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, की हिच्या पोत्याला पोतं लावून मी किती वर्षं बसले आणि हिला एकदाही विचारलं नाही.